मुरघासाचा ओव्हन

बाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पायातल्या चपला काढायच्या आणि लगेच भिंतीतला ओव्हनचा प्लग. ख्यालीखुशाली त्यानंतर. केजमध्ये तेव्हा मायक्रोवेव्ह ओव्हन असलेली घरं थोडी आणि त्यांतल्या निम्म्या घरांत बाईंची एखादी माजी विद्यार्थिनी सून म्हणून आलेली, त्यामुळे कुणाला याचं काही वाटायचं नाही. बाई मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिकवणं काही थांबवलं नाही, फक्त वर्ग आमच्या स्वयंपाकघरांत हलवला.

मीही त्यांच्याच हाताखालची. पुढे जवळच्या गावात आम्ही बायकांची दूध सोसायटी काढली, तेव्हा त्या अध्यक्ष झाल्या आणि मी सचिव. बाई केजहून शेअरच्या जीपमधून यायच्या, ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची ठरलेली. जीपमध्ये त्यांच्या बाजूला बसलेल्या माणसाला उतरेपर्यंत फ्यूज म्हणजे काय हे कळलेलं असायचं, त्याला हवं असो वा नसो.

आमच्याकडे ओव्हन कुणी विकत घेत नसे. तो लग्नात यायचा. पुण्याच्या मावशीकडून, नाहीतर नवरदेवाच्या मित्रांनी वर्गणी काढून. आला की फ्रिजवर जाऊन बसायचा, त्याच्यावर क्रोशाचं झाकण आणि झाकणावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. आठवड्यातून दोनदा पापड भाजायला आणि पाहुण्यांसमोर चहा गरम करायला तो उपयोगी पडे. मग एके दिवशी बंद पडायचा. बाई यायच्या, प्लग काढायच्या आणि ते झाकण चिमटीत धरून उचलायच्या. "याचं नाक दाबून धरलंय तुम्ही. तुमचं नाक धरून तुम्हाला भाकरी थापायला लावली तर चालेल का?" गरम वारा बाहेर पडायच्या जाळ्या त्या झाकणाखाली बुजलेल्या असत. किती ओव्हन केवळ ते झाकण काढल्यावर आणि तासभर निवल्यावर पुन्हा सुरू झाले! बाई झाकण जप्त करायच्या. त्यांच्या घरी अशी जप्त केलेली झाकणं रचून ठेवलेली होती आणि ती परत मागायची कुणाची छाती नव्हती.

पण बाईंचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच. त्या ओव्हनला हात लावायच्या नाहीत. प्लग काढला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या, परीक्षेत पर्यवेक्षक उभे राहतात तशा, आणि ज्याचा ओव्हन त्यानेच तो दुरुस्त करायचा. चुकलं तरी त्या हात पुढे करत नसत. फक्त म्हणायच्या, "हं. आता असं का झालं ते सांग." घाई असलेल्या माणसाचा जीव जायचा. एकदा मी चिडून विचारलं, की बाई, तुम्हाला येतं ना, मग दोन मिनिटांत करून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "मी केला तर हा एक नीट होईल. तू केलास तर तुझ्या गल्लीतले सगळे होतील." गल्लीतले सगळे म्हणजे तेव्हा तीन ओव्हन होते, पण ते जाऊ द्या.

माझ्या ओव्हनची गोष्ट सांगते. एका सकाळी काही केल्या सुरूच होईना. आकडे दिसत होते, बटणं दाबली की नुसतं टिक वाजायचं. मी धरूनच चालले की आतलं काहीतरी जळालं. बाई आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ओव्हनबद्दल नव्हताच. काल घरात लहान कोण आलं होतं? माझ्या बहिणीचा मुलगा आला होता. बाईंनी हनुवटीनेच आकड्यांच्या पडद्याच्या कोपऱ्याकडे खूण केली. तिथे कुलपाचं बारीक चित्र. मुलांनी खेळू नये म्हणून असलेलं कुलूप त्या मुलानेच लावून ठेवलेलं. एक बटण दाबून धरलं आणि निघालं. मला इतकं हसू आलं की मी तो प्रकार शेजारच्या दोघींना लगेच सांगितला. बाईंना तेच हवं होतं.

त्यांची सगळी विद्या अशीच, आधी माणसाला प्रश्न, मग यंत्राला. कुठल्या वेळेला लावला होता? संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू असताना व्होल्टेज पडतं आणि ओव्हन घुंई करत नुसता फिरतो, तापवत नाही. तो बिघाड नव्हे, सकाळी लावून बघा. दार नीट बसतं का? दाराच्या आकड्यात शेंगदाण्याची चटणी अडकली असेल तर ओव्हनला वाटतं दार उघडंच आहे, आणि दार उघडं असताना चालू न होणं ही त्याची हुशारी आहे. तापतो का ते पाहायला अर्धा पेला पाणी ठेवा, मिनिटभर लावा, बोट बुडवा.

ते दिवस दुष्काळाचे. गावात टँकर यायचा, तोही रोज नाही. पण तपासणीचं ते अर्धा पेला पाणी बाई ओतू द्यायच्या नाहीत. भर उन्हाळ्यात, घामाने पदर ओला झालेला असताना, ते कोमट पाणी त्या उभ्या उभ्या पिऊन टाकायच्या. घरच्या बाईला ओशाळल्यासारखं व्हायचं. ती माठातलं गार पाणी पुढे करायची. बाई म्हणायच्या, तहान एकदाच लागते.

हात न लावण्याइतकाच त्यांचा दुसरा नियम कडक होता. त्यांच्या पर्समध्ये शाळेतला खडू असायचा. ओव्हनच्या मागच्या पत्र्यावर त्या खडूने फुली मारायच्या. हा पत्रा घरात कुणीही उघडायचा नाही, मी नाही, तू नाही, तुझा इंजिनियर दीर तर मुळीच नाही. आत एक डबी असते, ती प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवते, माणूस मारायला पुरेल इतकी. पाणी तापत नसेल आणि व्होल्टेज ठीक असेल तर ओव्हन सरळ अंबाजोगाईच्या मेकॅनिककडे न्यायचा. हे सांगताना बाईंचा आवाज बदलायचा. बाकी सगळं त्या मजेत सांगत. ही गोष्ट नाही.

आता सरपंचकाकू. या आमच्या सोसायटीच्या जुन्या सभासद. मोठं शेत, पाच वर्षं गावच्या सरपंच होत्या, आणि पद गेलं तरी आवाज गेला नव्हता. बाईंना गावात कुणी उलटून बोलत असेल तर त्या एकट्याच. शिकलेली बाई येऊन आपल्याला चालवते हे त्यांना मनातून खपायचं नाही. त्यांच्या सुनेच्या लग्नातला ओव्हन एकदा ठिणग्या मारू लागला. घरात आग लागणार म्हणून आरडाओरडा. सुनेने गुपचूप बाईंना बोलावलं.

काकू दारातच म्हणाल्या, "ह्यांना कावून बोलिवलं? म्हशीचा डॉक्टर बोलवा की त्यापरीस."

बाई आत आल्या, प्लग काढला, हात मागे बांधले आणि सुनेला नाही, काकूंना म्हणाल्या, "या काकू, नाक आत घाला."

मी तिथे होते. काकूंनी खरोखर नाक आत घातलं, कदाचित नाही म्हटलं तर भ्याल्यासारखं दिसेल म्हणून. कशाचा वास आहे? जळका. काय जळलंय? रबर, तूप की धान्य? काकू पुन्हा वाकल्या. जन्मभर चुलीपुढे बसलेली बाई, तिला वास काय सांगायचा. तूप, म्हणाल्या. आणि खरंच, आतल्या उजव्या भिंतीवर अभ्रकाचा पातळ पत्रा असतो, त्याच्यावर तूप उडून उडून काळा डाग पडला होता आणि तोच डाग ठिणग्या मारत होता. काकूंनी स्वतः स्क्रू फिरवला, डाग पार जळून आरपार गेलेला पाहिला, विजेच्या दुकानातून नवा अभ्रकाचा तुकडा आणवला, जुना त्याच्यावर ठेवून कात्रीने कापला आणि बसवला. पाणी उकळलं. ठिणगी नाही.

सून टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. काकू मात्र म्हणाल्या, "ह्यात काय लई मोठं हाय? हे तर मलाच येतंय." बाई खूश. त्यांना याच्यापेक्षा चांगली पोचपावती नको होती.

दुष्काळ दुसऱ्या वर्षावर गेला तशी आमच्या सोसायटीची दमछाक सुरू झाली. माणसांना टँकरचं पाणी मिळत होतं, म्हशींना चारा मिळत नव्हता. कडबा संपला. चारा छावणी लांब, आणि घरची म्हैस छावणीला बांधायची म्हणजे घरचं एक माणूसही तिथेच बांधायचं. मग आम्ही बाहेरून मुरघास आणायचं ठरवलं. हिरवा मका कापून, बारीक करून, हवा लागणार नाही असा पिशव्यांत दाबून मुरवतात तो मुरघास, जनावरांचं लोणचंच म्हणा. पहिली खेप आली ती अशी ओली की पिशवी उचलली की खालून पाणी गळायचं. आम्ही चाऱ्याच्या नावाखाली पाणी आणलं होतं, आणि म्हशींची पोटं बिघडली ती वेगळीच.

त्या रात्री बाईंना झोप लागली नसावी. सकाळी जीपमधून उतरल्या त्या हातात खोकं घेऊनच. शाळेने निरोपाला दिलेला स्वतःचा ओव्हन त्यांनी सोसायटीला आणून दिला होता. यापुढे शंभर ग्रॅम मुरघास या ओव्हनमध्ये वाळवून बघितल्याशिवाय एकही पिशवी उतरणार नाही. थोडं थोडं तापवायचं, हलवायचं, वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की उरेल तो खरा चारा, उडालं ते पाणी. तीसच्या आसपास उरला तर माल चांगला.

बैठकीत हशा पिकला. सरपंचकाकू म्हणाल्या, "म्हशीला आता शिजवून घालायचं म्हना की. वर कोथमीर बी टाका." पण बाईंनी ती पद्धत रुजवली, आणि एका ओल्या खेपेला तिथल्या तिथे परत पाठवल्यावर हसणं थांबलं. लोक वाळवण बघायला यायला लागले. वजनकाट्यावरचा आकडा खाली सरकताना बायका श्वास धरून उभ्या असायच्या, जशी काही क्रिकेटची शेवटची ओव्हर.

एक गोष्ट सांगायला हवी. त्या ओव्हनच्या आतला दिवा गेला होता. मी बदलूया म्हणाले. बाई म्हणाल्या, दिवा गेला म्हणजे ओव्हन गेला नाही, तापतोय ना, मग राहू दे. त्यामुळे आत काय चाललंय ते दारातून दिसत नसे.

मग पिशव्या संपत आल्या आणि जुना पुरवठादार फिरकेना. बाईंचा एक भाचा, भावाचा मुलगा, उमापूरला शेती करतो. त्याच्याकडे विहिरीला पाणी टिकलं होतं आणि त्याने मुरघास करून ठेवला होता. बाईंनी स्वतः त्याचं नाव काढलं नाही. मी काढलं, कारण दुसरा कुणी नव्हता. बैठकीत सरपंचकाकू उभ्या राहिल्या. भाच्याचा माल, आत्याचा ओव्हन, मग आकडा काय येणार ते आम्हाला आजच ठाऊक आहे, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. बाईंनी मला फक्त भाच्याची खेप मागवायला सांगितलं.

टेम्पो आला तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळपासून गोठ्यागोठ्यांतून म्हशी ओरडत होत्या. आदल्या दिवशीच शेवटची पिशवी वाटून झाली होती. हा टेम्पो उतरला नाही तर संध्याकाळी गव्हाणीत टाकायला कुणाकडेच काही नव्हतं. सगळ्या सभासद बायका सोसायटीसमोर जमल्या होत्या, रिकाम्या पाट्या घेऊन. भाचा टेम्पोतून उतरला, आत्याच्या पाया पडायला वाकला, आणि बाईंनी त्याला वाकूच दिलं नाही. "माल दाखव," एवढंच म्हणाल्या.

नमुना घेतला, तोही मधल्या पिशवीतून, बाईंनी बोट दाखवलेल्या. ताटली ओव्हनमध्ये गेली. पहिलं तापवणं, वजन, हलवणं. दुसरं. वजन भराभर उतरत होतं. तिसऱ्यांदा बाहेर काढलं तर चारा काळपट. काट्यावर आकडा विसाच्याही खाली. बायकांत कुजबूज उठली. बाईंनी ताटलीकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं आणि अजिबात न थांबता म्हणाल्या, "काळा पडलाय. आधीच सडलेला होता, वर पाणी. परत ने."

भाचा गोरामोरा झाला. म्हणाला, आत्या, मी स्वतः दाबलाय, घरच्या जनावरांना हाच घालतो. बाई म्हणाल्या, काटा खोटं बोलत नाही. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघितलेला. तो त्या दिवशी जरा जास्तच ताठ होता. जणू त्या काकूंना सांगत होत्या, बघा, माझ्या माणसाचाही माल मी परत पाठवते. ड्रायव्हरने टेम्पो सुरू केला. पाट्या घेतलेल्या बायकांनी वाट सोडली. मागे म्हशी ओरडतच होत्या.

आणि सरपंचकाकू पुढे आल्या. त्यांनी टेम्पोकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ टेबलापाशी गेल्या, ती ताटली उचलली, नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली. मग टेम्पोतल्या उघड्या पिशवीत हात घालून मूठभर मुरघास काढला आणि तोही हुंगला.

"बाई," त्या म्हणाल्या, "सडल्याचा वास कसा असतो ते मला शिकवू नका. ह्या पिशवीतल्याला आंबूस वास हाय, चांगला. ताटलीतल्याला जळका. माल सडका न्हाई. तुमच्या मायक्रोनं जाळलाय."

टेम्पोचं इंजिन चालू होतं. मी ड्रायव्हरला हाताने थांब म्हटलं. मग बाईंमधली शिक्षिका जागी झाली, ते मला अगदी दिसलं. त्यांनी प्लग काढला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाल्या, "काकू, दार उघडा. टॉर्च घ्या."

काकूंनी मोबाइलचा टॉर्च लावला. ताटलीखालची गोल फिरती काच बोटाने ढकलली. हलेना. काच उचलली, तिच्याखालचं चाकांचं कडं उचललं. कड्याच्या चाकांत मक्याचे तुकडे घट्ट रुतलेले, आणि मधोमध जो तीन पाकळ्यांचा प्लास्टिकचा खुंटा काच फिरवतो, तो आपल्या दांडीवरून निसटून तिरपा पडलेला. किती खेपांचा कचरा तिथे साचला होता कोण जाणे. काच फिरतच नव्हती. ताटली एकाच जागी उभी राहून एका बाजूने करपत होती, आणि जे धुरात उडून गेलं ते आम्ही पाणी म्हणून धरलं होतं. दिवा असता तर पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं.

काकूंनी पदराच्या टोकाने चाकं पुसली, काडीने रुतलेले तुकडे काढले, खुंटा सरळ वर उचलून पुन्हा दांडीवर दाबला. टक् आवाज आला. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. दुसरा नमुना, त्याच पिशवीतला. या वेळी काकूंनीच ताटली ठेवली, काकूंनीच बटण दाबलं, आणि आम्ही सगळ्या दाराच्या काचेवर टॉर्च मारून बघत राहिलो. फिरत होती. काय सुंदर फिरत होती! माझ्या मागून कुणीतरी फिरतीय, फिरतीय म्हणून ओरडलं, जणू कुणाचं बाळ पहिल्यांदा चाललंय.

थोडं तापवणं, हलवणं, वजन. पुन्हा. आकडा उतरत गेला, मग हळू झाला, मग एका जागी थांबला. आणखी एकदा तापवलं. तोच. काकूंनी चष्मा नाकावर ओढला आणि ठसक्यात आकडा वाचून दाखवला. तिसाच्या वरच, थोडा. आणि लगेच पाठीमागे वळून, "बघता काय, पाट्या आणा," म्हणाल्या, जणू टेम्पो त्यांनीच बोलावला होता.

मग जे झालं ते गोंधळाचं. पिशव्या खाली येत होत्या, बायका दोघी-दोघी मिळून ओढत होत्या, कुणीतरी पहिली पिशवी तिथेच फोडली आणि तो आंबट-गोड वास पसरताच जवळच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. काकू वाटपावर उभ्या राहून आवाज देत होत्या. मी धावत होते. त्या उन्हात मला इतका आनंद झाला होता की पाय दुखत आहेत हे संध्याकाळी कळलं.

बाई एका बाजूला उभ्या होत्या. भाचा त्यांच्याजवळ गेला. मी पिशवी ओढत शेजारूनच जात होते, म्हणून ऐकलं.

तो म्हणाला, "आत्या, दुसऱ्या कुणाचा माल असता तर असा पहिल्याच फटक्यात परत पाठवला असतास?"

बाईंना खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलणंही त्या दिवशी सोपं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा असता तर आधी ओव्हन तपासला असता."

तो मान खाली घालून पायाने माती उकरत राहिला. मग हसला. "मग पुढच्या खेपेला मला दुसराच समज."

"तसंच समजते," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, पर्स खांद्यावर नीट केली आणि वर्गातला तो जुना आवाज काढला. "अहो दुसरे, तुमचा टेम्पो वाटेत आडवा उभा आहे. दुधाच्या गाडीला यायचंय. बाजूला घ्या."